बारा नंबरच्या पंचफुलाबाई

मंगळवारी बारा नंबरचं घर विकलं गेलं. गुरुवारी पंचफुलाबाईंनी किल्ल्या परत केल्या.

नवं घर बघायला आलेल्या माणसाला त्या घरातली खोट आपणहून दाखवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. घर विकणारे काय दाखवतात हे आपल्याला ठाऊक असतं. उजेड दाखवतात, फरशीची चकाकी दाखवतात, खिडकीतून दिसणारा डोंगर दाखवतात. पंचफुलाबाई मोरीच्या कोपऱ्याकडे बोट करायच्या. "आधीच सांगून ठेवते," त्या म्हणायच्या, "इथं पानी साचते. मंग म्हनसान, बाई बोलली नाई."

आमची वसाहत बुलढाण्याबाहेर चिखली रस्त्याला आहे. बारा घरं, दोन रांगा. वसाहतीच्या इंग्रजी नावात एक टेकडी आणि एक झरा आहे. जागेवर दोन्ही नाहीत. घरं बांधून झाली आणि नेमका बाजार बसला. रस्त्यावरचा 'त्वरा करा' हा फलक उन्हानं इतका फिका पडला, की आपल्याला कोणी त्वरा करायला सांगतंय हे जवळ गेल्याशिवाय कळत नसे.

रिकाम्या घरांना राखणदार हवा असतो. किशोरशेठ, म्हणजे आमचे बिल्डर, यांनी आधी एक राखणदार ठेवला होता. चार महिन्यांत सहा घरांचे नळ गेले आणि मग राखणदारही गेला. तेव्हा शेठच्या बायकोला पंचफुलाबाई आठवल्या. शेठच्या बायकोनं शाळेची पाच वर्षं बाईंच्या हातची भाकरी खाल्ली होती. बाई मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाकी होत्या, तिथल्याच खोलीत राहत होत्या. निवृत्त झाल्या त्या दिवशी नोकरी आणि घर दोन्ही एकदमच संपलं. नवरा फार पूर्वी वारलेला, मूल नाही. शेठनं बोली केली: बारा नंबरच्या घरात राहायचं, बाकीच्या घरांकडे बघायचं, आलेल्या गिऱ्हाइकाला घर उघडून द्यायचं. भाडं नाही, पगार नाही. बारा नंबर विकलं गेलं की घर सोडायचं.

सुमनला, माझ्या बायकोला, जाऊन दीड वर्ष झालं होतं तेव्हा मी ही वसाहत बघायला गेलो. अठ्ठावीस वर्षं आम्ही भाड्याच्या घरात काढली. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. हप्ते झेपले असते. पण तिनं घराचा विषय काढला की मी म्हणायचो, भाव जरा उतरू दे. पुढे भाव उतरले. तेव्हा विषय काढायला ती नव्हती.

शेठचा विक्री प्रतिनिधी नितीन मला नऊ नंबर दाखवत होता. मागे काही अंतरावर, किल्ल्यांचा जुडगा घेऊन, पांढऱ्या पातळातली एक बुटकी बाई.

"सर, वेस्ट फेसिंग आहे," नितीन म्हणाला. "संध्याकाळचा व्ह्यू बघा."

"संध्याकाळी ही भिंत तव्यावानी तापते," मागून आवाज आला. "भाकर टाकली तं फुगन."

"मावशी, सरांना बघू द्या."

"पाहू दे ना. मी कुठं डोळे झाकले." मग माझ्याकडे वळून, "घरात कोन कोन हाये, सर?"

"मी."

"अन्?"

"मीच."

बाईंनी नऊ नंबरची खिडकी ओढून लावली. "मंग हे नोको. मांगं निस्तं रान हाये. एकट्या मानसाले येनारं-जानारं दिसलं पाह्यजे. दोन नंबर पाहा. न्हानीचं दार खाली घासते, आधीच सांगून ठेवते. पन खिडकीतून रस्ता दिसते." आणि नितीन तिथंच उभा असताना, "बाजार थंड हाये. आता मागसान ते भेटन. दार बदलून मागा, गच्चीले वॉटरप्रूफिंग मागा, अन् रजिस्ट्रीच्या आधी मागा. रजिस्ट्री झाली का शेठचा फोन लागत नाई."

मी दोन नंबर घेतलं. दार बदलून मिळालं, गच्चीचंही झालं. शेठचा फोन नंतर लागला नाही.

राहायला गेलो आणि पहिल्याच रविवारी एक प्रकार पाहिला. बाई हातात बादली घेऊन एका बंद घरात शिरल्या, दोन मिनिटांत बाहेर आल्या, कुलूप लावलं, पुढच्या घरात शिरल्या. माझ्याच रांगेतल्या चार नंबरच्या वहिनींनी मला कुजबुजत्या आवाजात सांगितलं, की हा काहीतरी उतारा आहे, घरं विकली जावीत म्हणून. मी बाईंनाच विचारलं.

"कायचा उतारा," त्या म्हणाल्या. "मोरीच्या जाळीखाली पानी भरून राह्यते, ते हाये तोवर गटाराचा वास वर येत नाई. बंद घरातलं पानी आठ दिसात वाळते. मंग गिऱ्हाईक दार उघडते अन् नाकाले पदर लावून वापस जाते. शेठले वाटते बाजार मंदा हाये. बाजार कायचा, मोरी वाळली."

नगरपालिकेचं पाणी आमच्याकडे कधी येईल याची खात्री नसते, म्हणून ही बादली चांगल्या पाण्याची नसे. भाजी धुतलेलं, कपडे विसळलेलं पाणी त्या आठवडाभर साठवत आणि रविवारी सगळ्या बंद घरांच्या मोऱ्यांना पाजत. 'पाजत' हा त्यांचाच शब्द.

मी पुस्तकांत वाढलेला माणूस. मला प्रत्येक गोष्टीमागे हेतू शोधायची सवय. मी मनात एक सिद्धान्त बांधला. घरं विकली गेली की बारा नंबरही विकलं जाणार. तेव्हा घरं पडून राहण्यातच बाईंचा फायदा. म्हणून बाई भाबडेपणाचा आव आणून खोट दाखवतात आणि गिऱ्हाईक परत पाठवतात. सिद्धान्त मला आवडला. काही दिवस मी बाईंकडे जरा आदरानं बघत होतो.

शेठचाही तोच संशय होता, आदर सोडून. एकदा ते स्वतः आले.

"मावशी, तुम्ही गिऱ्हाईक पळवून राह्यल्या."

"मी काऊन पळवू. ते आपल्या पायानं जातात."

"पाच नंबरची ओल दाखवायची काय गरज होती? मी रंग मारला होता ना त्याच्यावर."

"रंगाच्या खाली हाये ना ओल. वसतिगृहात तीस वर्सं तेच पाह्यलं, शेठ. साहेब येनार का चुना. साहेब गेला का गळनं. पोरी बिचाऱ्या रातभर भांडे मांडत. आपन काय साहेब हावो?"

शेठ काही बोलणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पाच नंबर बघून गेलेल्या रोहिणखेडच्या मास्तरीणबाई होत्या. त्यांना पाच नंबर हवं होतं. ओलीसकट. शेठनं फोन स्पीकरवर टाकला. "आम्ही अठरा घरं पाहिली," मास्तरीणबाई म्हणत होत्या. "सगळीकडे सगळंच चांगलं होतं. तुमच्याकडे पहिल्यांदा कोणी काय बिघडलंय ते सांगितलं. एवढं दुरुस्त करून द्या, आम्ही टोकन देतो."

माझा सिद्धान्त तिथंच कोसळला. शेठचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी नितीनला बोलावून आज्ञा केली, की यापुढे मावशींसारखं विकायचं.

नितीननं मनापासून प्रयत्न केला, पण खोट सांगायला जीभच वळेना. "सर, या घरात एक प्रॉब्लेम आहे," तो गंभीर होऊन म्हणायचा. "प्रकाश फार येतो." किंवा, "मॅडम, खरं सांगतो, शेजार इतका चांगला आहे, की तुम्हाला घरात बसायला वेळच मिळणार नाही." बाई मागे उभ्या राहून ऐकत आणि तो गेल्यावर मला म्हणत, "लेकरू चांगलं हाये. पन त्याले कधी गळक्या घरात ठेवलं नाई कोनी."

गिऱ्हाइकं बाईंनाच शोधत येऊ लागली. कोणी वास्तूबद्दल विचारी. "वास्तूचं मले ठाव नाई," बाई म्हणत. "पानी कुठून येते अन् कुठून जाते, तेवढं सांगते." कोणी घर ठरवण्याआधी एन.ए.चा, म्हणजे बिनशेतीचा, कागद बघत नसे, त्याला त्या हाताला धरून शेठच्या ऑफिसात पाठवत. नवराबायकोत बाई बोलत नसेल तर तिला वेगळं घेऊन ओट्यापाशी उभं करत. "हात पुरते का? वरचा कप्पा निंघते का? चार खोल्या त्यायच्या, पन दिवस इथं तुले काढा लागते." एका वकिलांना त्यांनी तीन नंबर घेऊ दिलं नाही, कारण त्यांच्या आईचे गुडघे दुखत आणि तीन नंबरची पायरी उंच होती. वकिलांनी मग सात नंबर घेतलं. आईचं आणि बाईंचं आठवड्यातून एकदा भांडण होई, कारण सात नंबरची पायरी बाईंनी सांगितली होती त्यापेक्षा अर्धा इंच उंच निघाली.

रशीदभाई गवंडी घरोघरी दुरुस्त्यांना येत, तेव्हा दुपारची भाकरी आणि ठेचा बारा नंबरात ठरलेला असे. जेवण झालं की ते बाईंना मावशीच्या नात्यानं आपणहून विचारत, "इथं काय, खाला?" आणि बाई एकेक सांगत. आज मोरीचा उतार. पुढच्या वेळी खिडकीखालची फट. नंतर कधी गच्चीचा कोपरा. तीन वर्षं हे चाललं. ओट्याच्या वर एक बुद्धमूर्ती होती, तिच्यासाठी रशीदभाईंनी उरलेल्या ग्रॅनाइटचा कोनाडा करून दिला. दारात बाईंनी कढीपत्ता लावला. माझ्यासकट सगळी वसाहत तोच तोडून न्यायची.

एकेक करत अकरा घरं गेली.

मी एका संध्याकाळी बाईंकडे चहाला गेलो आणि म्हणालो, "बाई, आता फक्त हेच राहिलं."

"हाव ना."

"मग?"

"मंग काय. बोली होती, सर. विकलं का सोडायचं."

"कुठे जाल?"

"साखरखेर्ड्याले भाची हाये."

मी ग्रंथपाल होतो. आयुष्यात कोणाला खोटं बोलायचा सल्ला दिला नव्हता. त्या दिवशी दिला. "कोणी आलं तर भिंत तापते म्हणा. पाणी येत नाही म्हणा. बाजार असाच थंड राहिला तर दोन-तीन वर्षं सहज निघतील."

बाई हसल्या. "पुस्तकं वाचून असं सुचते का तुमाले?" त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मंगळवारी दुपारी एस.टी.चे एक कंडक्टर आणि त्यांची बायको आले. ती मोताळ्याकडे नर्स होती, ज्योती नावाची. मुलांच्या शाळेसाठी त्यांना बुलढाण्यात यायचं होतं. नितीननं तोंड उघडायच्या आधीच ती बाईंना म्हणाली, "मावशी, तुम्ही सगळ्यांना खरं सांगता म्हणतात. या घरात काय आहे ते सांगा."

मी दारातच उभा होतो. खरं सांगायचं तर मी बाईंकडे डोळे मोठे करून बघत होतो.

"आधीच सांगून ठेवते," बाई म्हणाल्या आणि मोरीकडे वळल्या. तिथं बघितलं. खिडकीकडे गेल्या, चौकटीवरून हात फिरवला. मान वर करून छताचे चारही कोपरे पाहिले. एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवत नसावं, तशा त्या घरभर फिरल्या. ज्योती वाट बघत होती. नितीनही. बाई पुन्हा ओट्यापाशी येऊन थांबल्या.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "या घरात काई नाई."

"काहीच नाही?"

"आधी होतं. आता नाई."

ज्योतीला ते फार चांगलं घर वाटलं असावं, पण तिला एक शंका आली. "मग तुम्ही विकता काऊन?"

"मी कुठं विकते, बाई. घर शेठचं हाये. मी राह्यते निस्ती." मग त्यांनी ज्योतीला ओट्यापाशी उभं केलं. हात पुरत होता. पाणी आलं की आधी कोणता नळ उघडायचा, उन्हाळ्यात मुलांना दुपारी कोणत्या खोलीत झोपवायचं, कढीपत्त्याला किती पाणी घालायचं, सगळं सांगितलं. संध्याकाळी टोकन दिलं गेलं.

बुधवारी मी बारा नंबरात गेलो. दोन ट्रंका, एक गॅस, गादीची वळकटी. इतकंच सामान होतं. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य म्हटलं, "माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. वेगळं दार आहे तिला."

बाईंनी ट्रंकेची कडी लावली. "सर, तुमच्या मागच्या खोलीले खिडकी लहान हाये. हवा खेळत नाई." मग वळकटीची दोरी आवळत त्या म्हणाल्या, "अन् लोकायच्या घरात मले बोलता येते. कोनी राहा म्हनलं, का मंग बोलता येत नाई."

गुरुवारी शेठ स्वतः किल्ल्या घ्यायला आले. त्यांनाही वाईट वाटत होतं. "मावशी, बाजार उठला का नवी स्कीम टाकतो. तुमाले पयले बोलावतो."

"आधी मोऱ्यायचा उतार नीट काढा," बाई म्हणाल्या आणि टेम्पोत बसल्या.

मी महिन्यातून एकदा फोन करतो. मागच्या वेळी वसाहतीची सगळी हकीकत सांगून झाल्यावर विचारलं, "भाचीचं घर कसं आहे?"

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या.

मी पुढच्या वाक्याची वाट बघितली. भिंत, मोरी, पायरी, काहीतरी. फोनवर नुसता पंख्याचा आवाज येत होता.

"सगळंच चांगलं हाये, सर," त्या म्हणाल्या.

शेठची नवी योजना अजून सुरू झालेली नाही. पंचफुलाबाई साखरखेर्ड्यालाच असतात. इथं बारा घरं आहेत आणि बाराही भरलेली आहेत.