शाम-ए-बसरा यांचा राजीनामा

माझ्या आठवणीवर मी आता फारसा भरवसा ठेवत नाही, पण आमच्या मंडळाचं अध्यक्षपद बरीच वर्षं एका सेंटकडे होतं, एवढं नक्की. साल कदाचित चुकेल. खुर्चीचं कापड मला कधी हिरवं आठवतं, कधी करडं. अध्यक्ष मात्र तेच होते.

त्यांचं पूर्ण नाव शाम-ए-बसरा, म्हणजे बसऱ्याची संध्याकाळ. मुंबईच्या एका कारखान्यात ते तयार होत. चौकोनी बाटली, काळं बूच, आत मधाच्या रंगाचा द्रव. पुढे कारखाना बंद पडला, दुकानांतला माल संपला आणि सांगलीत त्यांचे चाहते म्हणून आम्ही चौघं उरलो. एक शेवटची बाटली, तीही तळाशी थोडी उरलेली, इस्माईलभाई अत्तार यांच्याकडे निघाली. मग मंडळ काढायचं ठरलं. अध्यक्ष कोण, यावर प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सुचवलं. "तुम्ही व्हा", "छे, तुमच्यापुढे मी कोण", असं चहा निवेपर्यंत चाललं. शेवटी रिकाम्या खुर्चीतून आवाज आला, "आपली हरकत नसेल तर मी बसतो."

कोणाचीच हरकत नव्हती. बाटली टेबलावर राहिली आणि अध्यक्ष खुर्चीत बसले.

सभा भूपालअण्णा चौगुल्यांच्या विश्रामबागेतल्या बंगल्यात होत. अण्णा हळदीचे अडत व्यापारी. सभेच्या दिवशी ते दोनदा अंघोळ करून धुतलेला सदरा घालत, तरी नखं पिवळीच असत आणि ती ते मुठीत लपवत. इस्माईलभाईंच्या घरात पिढ्यानपिढ्या अत्तराचा धंदा. यमुताई कानिटकर टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. चौथा मी. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत असे. त्यात डॉक्टरेट केल्यापासून कोणतंही वाक्य ठामपणे संपवायची मला भीती वाटते.

मंडळाचा नियम एकच होता : अध्यक्षांचा वास घ्यायचा नाही. वास म्हणजे त्या पदार्थाचेच कण. जेवढं हुंगलं तेवढं संपलं. ही मांडणी माझी. मी ती पुन्हापुन्हा तपासली, तिच्यात चूक सापडली नाही. त्यामुळे सभा सुरू असेपर्यंत आम्ही सगळे तोंडानं श्वास घेत असू.

"सात पिढ्या नाकावर जगल्या," इस्माईलभाई म्हणत, "आणि मी इथं माशासारखा आ करून बसतोय."

"बसा," अण्णा म्हणत. "बोलू नका जास्त. बोलताना चुकून नाकातनं जाईल."

सभेत बहुतेक अध्यक्षच बोलत. आवाज हलका, जुन्या वळणाचा. एका बॅरिस्टरच्या कॉलरवर ते कसे राहिले होते, एका नटीच्या शालीतून पेटीत कसे गेले आणि पेटी उघडेपर्यंत तिची सून म्हातारी कशी झाली होती, हे ते सांगत. आम्ही मान खाली घालून ऐकत असू. त्यांच्यासमोर बसलं की आपण कुठल्या तरी फार मोठ्या दालनाच्या उंबऱ्यावर बसलो आहोत असं मला वाटे. आत जायची मात्र छाती होत नसे.

एका सभेत यमुताई उभ्या राहिल्या.

"अध्यक्षमहाराज, मला एक मागायचंय."

"मागा, यमुताई."

"माझं नाक चाललंय. डॉक्टरांना दाखवलं. फार दिवस नाहीत म्हणाले." त्यांनी पदर सारखा केला. "आमचे हे तुमचा फाया कानात घालायचे. हे गेल्यावर बाटली मीच हुंगून हुंगून संपवली, वेड्यासारखी. यांचा चेहरा फोटोत आहे. आवाज म्हणाल तर जन्मभर मी आवाजच ऐकले, तो मी विसरायची नाही. पण हे संध्याकाळी दारातून आत आले की यांच्या आधी जे घरात यायचं, ते आता फक्त तुमच्यापाशी आहे. मला एकदा वास घेऊ द्या. नाक आहे तोवर."

मग अण्णा खाकरले.

"यमुताई, वाईट वाटतंय मला. खरंच. पण आज तुम्ही घेणार, उद्या मी मागणार. मग खुर्चीत बसणार कोण?"

"तुम्हाला काय अण्णा, तुम्हाला हळद आहे."

"हळदीचं नाव काढू नका इथं!" अण्णा ओरडले आणि लगेच खुर्चीकडे वळून म्हणाले, "माफी असावी."

"असू दे," अध्यक्ष म्हणाले. "मलाही बोलायचं आहे. मी राजीनामा देतो आहे."

इस्माईलभाईंनी हातातली बशी खाली ठेवली. कारण विचारणं मला भाग होतं. मंडळात मी कार्यवाह होतो, असं वाटतं.

"मला कुणी हुंगत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"तो आदर आहे, साहेब," इस्माईलभाई म्हणाले.

"आदर पोचतो, इस्माईलभाई. पण मी सेंट आहे. माझ्यासमोर चार माणसं नाक मिटून बसतात. लोक गटाराशेजारून जाताना असे जातात. कारखान्यानं मला बंद केलं, तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं."

माझी मांडणी अजूनही बरोबर होती, पण ती पाठ वळवून उभ्या असलेल्या माणसासारखी दिसू लागली होती.

प्रश्न कामकाजाचा होता. राजीनाम्यावर चर्चा चालू असताना राजीनामा देणाऱ्यानं अध्यक्षस्थानी बसू नये. पण दुसऱ्या कोणी बसायचं तर त्याच खुर्चीत बसावं लागणार. "मी त्यांच्या अंगावर बसू काय?" अण्णा म्हणाले. शेवटी अध्यक्षांनीच कामकाज पाहावं असं ठरलं.

"राजीनामा मंजूर असेल त्यांनी हात वर करावेत," अध्यक्ष म्हणाले.

मी हात थोडा उचलला आणि तिथंच ठेवला. मंजूर केला तर बूच उघडणार आणि ते संपणार. नामंजूर केला तर त्यांना पुन्हा त्याच खुर्चीत, तसंच, बसावं लागणार. इस्माईलभाई माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

यमुताईंनी हात वर केला नाही. पुढे केला. पालथा, बोटं जराशी खाली झुकलेली. लग्नात अत्तरदाणी घेऊन कोणी समोर आलं की आपण करतो तसा.

"यमुताई, हे मतदान आहे, लग्न नव्हे," अण्णा म्हणाले. "हात वर करा नाहीतर खाली घ्या."

"माझा हात आहे तिथं बरा आहे."

आता गोष्ट गंभीर झाली. आमच्याकडे पुढे आलेल्या पालथ्या हाताला अत्तर नाकारत नाहीत. न बोलावता जेवायला आलेला असो, कोर्टात भांडणारा भाऊबंद असो, हात पुढे आला की लावायचं.

इस्माईलभाई उठले. "अण्णा, मत राहू दे बाजूला. पुढे आलेला हात कोरडा परत गेला, असं आमच्या घराण्यात झालेलं नाही."

"ते अत्तराचं," अण्णा घाईनं म्हणाले. "अध्यक्ष अत्तर नाहीत. सेंट आहेत."

"अण्णा," अध्यक्ष म्हणाले, "आजच्या दिवस मला अत्तर समजा."

अण्णांनी मान खाली घातली. इस्माईलभाईंनी बूच फिरवलं. ते सहज निघालं नाही. निघालं तेव्हा खुर्ची करकरली, कोणी हातांवर जोर देऊन उठावं तशी. यमुताईंनी डोळे मिटले. बाटलीतलं सगळं त्यांच्या हातावर आलं, आणि आम्ही तोंडं मिटून नाकानं श्वास घेतला.

"संत्र्याची साल," यमुताई म्हणाल्या.

मग मला संत्र्याची साल आली.

"आता लवंग."

मग लवंग आली, गरम, दाताखाली फुटल्यासारखी.

"धूप. विझलेला."

धूप आला. खोलीच्या भिंती तिथंच होत्या, पण त्या बऱ्याच लांब गेल्या. मी बसऱ्याला कधी गेलेलो नाही. तरी तिथली संध्याकाळ होती, नदीवर उजेड होता, आणि माणसं गच्चीवर अंथरुणं टाकत एकमेकांना हाका मारत होती. मला त्यातलं एक नाव माझं वाटलं. आयुष्यात त्या एका क्षणी मला कसलीच शंका नव्हती.

"अण्णा, काय झालं?" इस्माईलभाईंनी हळूच विचारलं.

"हळद येत नाहीये," अण्णा म्हणाले. ते पिवळी बोटं नाकाशी धरून रडत होते. "लहानपणापासनं पहिल्यांदाच."

"आता चंदन," यमुताई म्हणाल्या. चंदन आलं, खोल, कधी संपणार नाही असं. त्या दाराकडे वळल्या. "आले. चपला घालूनच आत आले, कितीदा सांगायचं?"

मी दाराकडे पाहिलं नाही. अण्णांनी पाहिलं आणि ते उठून उभे राहिले, पाहुणा आल्यावर उभं राहावं तसे.

"सभा संपली असं कोणीतरी म्हणा," अध्यक्ष म्हणाले. आवाज आता यमुताईंच्या हातावरून येत होता, आणि अगदी बारीक होता.

मी म्हणालो.

यमुताई हात पदराखाली धरून रिक्षानं घरी गेल्या. मंडळ पुढेही चालू राहिलं. अध्यक्षपद रिक्त आहे, खुर्चीत कोणी बसत नाही, आणि आम्ही नाकानं श्वास घेतो. यमुताई नेहमी खुर्चीच्या उजव्या अंगाला बसत. काही वर्षांनी त्या वारल्या.

त्यानंतर बऱ्याच काळानं, अण्णांच्या नातीच्या लग्नात, यमुताईंचे नाक-कान-घशाचे डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते. अत्तर घेऊन मुलगी आली, आम्ही दोघांनी हात पुढे केले. माझी आठवण अशी, म्हणून मी त्यांना विचारलं, यमुताईंचं नाक नक्की कधी गेलं.

"मी बघितलं तेव्हाच गेलेलं होतं," ते हात हुंगत म्हणाले. "पूर्ण. लवंगेचं तेल नाकाशी धरलं तरी काही नाही. तसं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं मी. गणपतीच्या आधीची गोष्ट."

आमची ती सभा त्याच वर्षी, दिवाळीच्या तोंडावर झाली होती. हे मी इस्माईलभाईंना विचारून घेतलं आहे.