दादाच्या बियरचा कागद

दादाच्या तेराव्याच्या पंगतीत मी एकदम उभा राहिलो आणि म्हणालो, "दादाची बियर मी करणार!" हातात लाडू होता, अर्धा तोंडात होता. वाढणारे गुरुजी भाताची परात घेऊन जागच्या जागी थांबले. मी असाच आहे. आधी तोंड उघडतं, डोकं मागाहून जागं होतं.

कारण समोरच बसले होते प्रभाकरराव, दादाचे ऑफिसातले जिवलग मित्र. मध्यभारत हे आमचं राज्य मोडून नवं राज्य होणार होतं आणि त्यांचं ऑफिस भोपाळला हलणार होतं. दादाने त्यांना शब्द दिला होता, "भोपाळच्या गाडीत बसायच्या आधी घरची बियर पाजीन." मग टायफॉइडने दादाला नेलं. त्याचा शब्द अर्धवट राहिलेला मला बघवेना. (दादा नाही हेच बघवत नव्हतं, पण त्यावर काही करता येत नव्हतं.)

लढाईच्या दिवसांत दादा महूच्या छावणीत कारकून होता. तिथल्या एका गोऱ्या आचाऱ्याकडून तो बियर शिकला. त्याच्या ट्रंकेत मला कडू, सुक्या फुलांची पुडी सापडली आणि एक कागद. कागद इंग्रजीत. मी चौथीत दोनदा बसलो आणि मग कायमचा उठलो. पण ओळींच्या पुढे दादाने चित्रं काढली होती, आणि चित्रं मला उत्तम वाचता येतात.

"भावजी, प्रभाकररावांकडून वाचून घ्या ना," वहिनी म्हणाल्या.

"ज्यांना पाजायची त्यांनाच विचारू? मग त्यात मजा काय?"

जव भिजवले, मोड आणले, वाळवले, जात्यावर भरडले, गरम पाण्यात ठेवून गाळले. एवढं एकदा दादाच्या हाताखाली केलं होतं. पुढचं सगळं चित्रांवर. पहिलं चित्र: पातेलं, वर झाकण. मी फुलं टाकली, झाकण ठेवलं, त्यावर पाटाही ठेवला. तासभर उकळलं, वाफ म्हणून सुटू दिली नाही. दुसरं: बरणीशेजारी भुकटीचा डबा. टायफॉइडनंतर म्युनिसिपालिटीच्या माणसाने दिलेला ब्लीचिंग पावडरचा डबा घरात होताच. बरण्या त्याने अशा घासल्या की माझ्या हाताची सालं निघाली. तिसरं: कढईत वेटोळी. म्हणजे जिलबी! देवास गेटच्या हलवायाकडे धावलो.

"भैया, जिलेबी नको. खमीर दो, लोटाभर."

"घर पे जलेबी बनाओगे?"

"बियर."

"जय महाकाल," म्हणून त्याने आंबवलेल्या पिठाने लोटा भरून दिला आणि दोन पावलं मागे सरकला.

चौथं चित्र: बरणी, वर सूर्य. काचेच्या बरण्या लोणच्यासारख्या गच्चीवर मांडल्या, तोंडाला फडकी बांधली. ऑक्टोबरचं ऊन. दोन आठवडे शेजारची मांजरं आमच्या गच्चीकडे फिरकली नाहीत.

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, प्रभाकरराव आले. मी ऐटीत फुलपात्रं भरली. वास आधी आला. शिजलेला कोबी, आणि कोबीमागे चिचुंद्री. प्रभाकररावांनी घोट घेतला. मी घेतला.

आणि थांबलो. ती दवाखान्याची चव होती. अकरा दिवस मी वॉर्डात दादाच्या उशाशी बसलो होतो, तिथली.

पाच आठवडे न रडलेला मी फुलपात्र हातात धरून हमसून हमसून रडलो. प्रभाकररावांचेही डोळे भरले होते. (कशाने, ते मी विचारलं नाही.)

"मी घाण केली," मी म्हटलं. "दादाचा शब्द गेला."

"कशावरून केलीस? कागद बघू." त्यांनी चष्मा चढवला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "बापू, वर काय लिहिलंय माहीत आहे?"

"बियरची कृती."

"'माझ्या चुका. ऑगस्ट सत्तेचाळीस.'"

मी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं.

"अरे, ही त्याची पहिली बियर! स्वातंत्र्याच्या दिवशी आम्हाला पाजली होती. झाकणाने कोबी, उन्हाने चिचुंद्री, भुकटीने दवाखाना, वर जिलबीचा आंबटपणा. अगदी हीच! आम्ही नाक दाबून प्यायलो आणि यज्ञेश्वर, तुझा दादा, आमच्याकडे बघून लोळून लोळून हसला." त्यांनी नाक दाबलं आणि फुलपात्र एका दमात रिकामं केलं. "पाळला बरं शब्द त्याने."

दारामागून खुदकन आवाज आला. पाच आठवड्यांत वहिनी पहिल्यांदा हसल्या होत्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि त्यातही हसतच होत्या.

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं. "झालं तर मग! चुका कळल्या. या चार टाळायच्या. पुढची बियर मी भोपाळला घेऊन येतो!"

"चार नाहीत, पाच आहेत," प्रभाकरराव म्हणाले. "शेवटचीला चित्र नाही."

"वाचा ना!"

त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घसा साफ केला.

"'बापूला मदतीला घेतलं.'"