चकलीच्या अकरा प्रदक्षिणा

“इंदू, त्या कुत्रीला तुझ्या सासऱ्यांच्या मागे मागे फिरू देऊ नकोस. सवय लागेल,” असं शेजारच्या सिंधूकाकू मला दिवाळी संपल्या संपल्या म्हणाल्या होत्या. मी “बघते हं काकू” म्हणाले आणि काहीही बघितलं नाही. त्या घटकेला मी वेगळंच बघत होते. माझ्या पाच वर्षांच्या बकुळने झेंडूचं बी गिळलं की चावून थुंकलं, ह्याचा तपास मोबाइलच्या उजेडात तिचा जबडा उघडून चालला होता.

मी काळजी करणारी बाई आहे, हे झाशीतल्या दतिया गेटच्या आतल्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. कुंडीतल्या मातीत कोणकोणते जंतू असतात ते मला पाठ आहे. वनस्पतिशास्त्रातल्या पदवीचा तेवढाच उपयोग उरला आहे. कुत्रीच्या लसींच्या तारखा फ्रिजवर आहेत. पण कुत्री सकाळी सात वाजता कोणाच्या मागे चालते, ह्याने कोणाला ताप येत नाही. म्हणून ते मी सोडून दिलं.

आमच्या अंगणात चौसष्ट कुंड्या आहेत. माझे सासरे गजाननराव रेल्वेच्या कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून त्यांनी त्या जमवल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातला आणि मधोमध तुळशीवृंदावन ठेवलं. वृंदावनाला नंबर नाही. त्यांच्या मते ते आस्थापनेत मोडत नाही.

अशा अंगणात यशवंतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक दिवस रस्त्यावरची पिवळी कुत्री आणली. शेपूट वळलेली म्हणून बकुळने तिचं नाव चकली ठेवलं. यशवंत विमा कंपनीत आहे. दिवसभर लोकांना मरणाच्या गोष्टी सांगून आला की त्याला काहीतरी धावतं बघायला लागतं. त्याने मोबाइलवर परदेशातल्या कुत्र्यांच्या अडथळा-शर्यती बघितल्या आणि घेवड्याच्या काठ्या उपटून चकलीला त्यांच्यातून नागमोडी पळवायला लागला. उड्या मारायला त्याने दोन कुंड्यांवर आडवा बांबू टाकला. कुंडी नंबर एकतीस आणि बत्तीस.

“ती एकतीस नंबर माझी जास्वंद आहे,” मामंजी म्हणाले.

“नाना, चकली खेळाडू आहे. तिला सराव लागतो.”

“खेळाडू असेल तर प्रमाणपत्र आण. माघात प्रदर्शन आहे, त्यात स्पर्धा आहे म्हणतोस ना? खेळाचं प्रमाणपत्र आलं तर राहील. नाही आलं तर पुढच्या रविवारी समथर गावी, आपल्या वामनकडे. त्याचं शेत आहे, तिथे लागेल तेवढं पळू दे.”

प्रमाणपत्रावाचून मामंजींचा कशावर विश्वास नाही. त्यात त्यांचा दोष म्हणता येत नाही. आपण जिवंत आहोत ह्याचंसुद्धा त्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते देऊन आले की दोन दिवस ते जरा जास्त जिवंत वाटतात.

आता सकाळचं सांगते. मामंजी सातला आंघोळ करून तुळशीला अकरा प्रदक्षिणा घालतात. डावा गुडघा धरलेला, म्हणून पाय जरा ओढत, आणि प्रत्येक फेरीत ईशान्येच्या कोपऱ्यावर धोतराचा सोगा सावरायला थांबतात. चकली महिन्याभरात त्यांच्या मागे चालायला लागली. ते चालले की ती चालायची, थांबले की थांबायची. आणि पायरीवर बसून बकुळ मोजायची, “एक… दोन… तीन…” मराठीत. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण आमची मुलगी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. “बकुळ, जेवलीस का?” “हाँ, खा लिया.” मामंजी ह्यावर फक्त चष्मा पुसतात. पण त्या अकरा आकड्यांच्या वेळी त्यांची चाल मुद्दाम सावकाश व्हायची, असा मला संशय आहे.

माघात फुलांचं आणि कुत्र्यांचं प्रदर्शन एकाच मैदानावर भरलं. एका बाजूला कुंड्या, एका बाजूला कुत्री, मधे समोशाचा ठेला. मामंजींनी सतरा नंबरची शेवंती नेली होती. ती त्यांनी पाच महिने छत्री धरून वाढवली होती. यशवंतने चकलीला नेलं होतं. मी बकुळचा हात, सॅनिटायझर आणि पाण्याची बाटली नेली होती.

उद्घाटनाला दिवा लावायचा तर वारा होता. म्हणून आयोजकांनी हिरवं उद्घाटन केलं, म्हणजे पाहुण्या नेतेजींनी एका भल्यामोठ्या तुळशीला पाणी घातलं. तुळशीची कुंडी सहा माणसांनी उचलून आणली होती. पाणी घालून झाल्यावर ती परत न्यायला सहाजण सापडले नाहीत. त्यामुळे ती होती तिथेच राहिली. आणि ती होती कुत्र्यांच्या स्पर्धेच्या मैदानात, दुसऱ्या उडीच्या आणि कापडी बोगद्याच्या बरोबर मधे.

यशवंतने ती बघितली. “वळसा घालून जाईल,” तो म्हणाला. ह्यात तो चुकला नाही.

“अब आ रही हैं दतिया गेट से चकली जी, साथ में यशवंत भैया,” ध्वनिक्षेपक म्हणाला. एका मिनिटात सगळं पार करायचं होतं. चकलीने पहिली उडी अशी मारली की शेजारचा जर्मन शेफर्ड उठून उभा राहिला. दुसरी त्याहून सुंदर. आणि मग तिला तुळस दिसली.

ती थांबली. मान खाली घातली. आणि डावा पाय जरा ओढत तिने चालायला सुरुवात केली.

“चकली, पुढे. बोगदा, बोगदा,” यशवंत म्हणाला. चकलीने त्याच्याकडे असं बघितलं, जसं पूजेच्या वेळी फोन वाजला की मामंजी बघतात. ईशान्येच्या कोपऱ्यावर ती क्षणभर थांबली. तिला धोतर नव्हतं, तरी थांबली.

“एक,” दोरीच्या बाहेरून बकुळ म्हणाली.

परीक्षक म्हणून लष्करातले निवृत्त कर्नलसाहेब होते. त्यांनी घड्याळ बघितलं. “यशवंत जी, डॉग को आगे बढ़ाइए.”

“सर, ग्यारह पूरे हुए बिना नहीं जाएगी.”

“ग्यारह क्या?”

“परिक्रमा, सर.”

कर्नलसाहेबांनी नियमपुस्तिका उघडली आणि बराच वेळ बंद केली नाही.

तोवर माझ्यामागच्या दोन बायकांना कळलं होतं. “जे तो परकम्मा कर रई है, बाई.” “हओ, तुलसी मैया की.” चौथ्या फेरीला त्यातल्या एकीने चपला काढल्या, दोरीखालून आत गेली आणि चकलीच्या मागे चालायला लागली. सातव्या फेरीपर्यंत मैदानात एक कुत्री, पाच बायका आणि बंदोबस्तावरचा एक शिपाई होता. शिपायाने टोपी काढून काखेत धरली होती. बकुळचे आकडे काहीतरी मंत्र असावेत असं निवेदकाला वाटलं. त्याने ध्वनिक्षेपक तिच्यापुढे धरला.

“आठ,” बकुळ म्हणाली.

“आठ,” मैदान म्हणालं.

“नऊ.”

“नऊ,” हात जोडून लोक म्हणाले.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मामंजींनी आपल्या नातीचा आवाज मराठीत, कर्ण्यातून ऐकला. फुलांचे परीक्षक तेव्हा पंधरा नंबरच्या टेबलापाशी आले होते. अजून दोन टेबलं, आणि मग त्यांची शेवंती. मामंजींनी शेवंतीकडे बघितलं, कर्ण्याकडे बघितलं आणि छत्री तिथेच ठेवून ते निघाले.

ते पोहोचले तेव्हा अकरा झाल्या होत्या आणि चकली तुळशीपुढे बसली होती. बायका तिच्यामागे बसल्या होत्या. यशवंत ओढत होता, चकली ढिम्म.

“नाना, ही उठत का नाही?”

मामंजींनी सगळ्या मैदानावरून नजर फिरवली. मग, दुसरा उपाय नसल्यासारखा, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि खडीसाखरेचा खडा काढून चकलीच्या तोंडात दिला. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. आमच्या फ्रिजवर ‘कुत्रीला गोड अजिबात देऊ नये’ ही सूचना लावलेली आहे. माझं अक्षर बरं नाही म्हणून ती मामंजींनीच लिहून दिली होती, खाली रेघ मारून.

खडा कडकन फुटला आणि चकली सुटली. बोगदा, काठ्या, शेवटची उडी. कर्नलसाहेबांनी घड्याळ थांबवलं. पाच मिनिटं दोन सेकंद.

बाद. पण नेतेजींना चकलीबरोबर फोटो हवा होता. “ऐसी संस्कारी कुतिया पूरे बुंदेलखंड में नहीं होगी,” ते म्हणाले. फोटोत हातात काहीतरी द्यायला हवं, म्हणून एका कोऱ्या प्रमाणपत्रावर घाईने ‘विशेष भक्ति सम्मान’ असं लिहिलं गेलं. शेवंतीला काही मिळालं नाही. प्रवेशिकेचा मालक जागेवर हजर नव्हता.

घरी आल्यावर मामंजींनी चष्मा लावून प्रमाणपत्र दोनदा वाचलं.

“यशवंत, अट काय होती?”

“प्रमाणपत्राची.”

“खेळाच्या प्रमाणपत्राची. हे भक्तीचं आहे.”

“नाना, शिक्का आहे त्याच्यावर.”

“शिक्का विषयाला धरून लागतो. येत्या रविवारी, समथर.”

बकुळला समथर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने ते मला हिंदीत विचारलं, आणि मी “झोप आता” म्हणाले.

सोमवारी सकाळी सातला फाटकाशी दोन बायका उभ्या होत्या. मंगळवारी चाळीस. कोणीतरी काढलेली चित्रफीत सगळ्या झाशीच्या मोबाइलवर गेली होती. लोक नारळ घेऊन आले, बत्तासे घेऊन आले आणि चकलीच्या मागे परिक्रमेला लागले. अंगण केवढं, माणसं केवढी; रांग कुंड्यांवरून गेली. प्रसाद म्हणून तुळशीची पानं संपली, तेव्हा लोकांनी पुदिना घेतला, मग कढीलिंब. एका बाईंनी मुलाच्या बारावीसाठी चौदा नंबरची मिरची नेली. बकुळच्या डोक्यावरून रोज साठ हात फिरत, आणि मी साबणाची वडी घेऊन तिच्यामागे.

“बहनजी, ये साधारण कुत्ता है,” मामंजी फाटकात उभे राहून सांगत.

“दद्दा, आप बहुत विनम्र हो,” असं म्हणून बहनजी त्यांच्याही पाया पडत.

गुरुवारपर्यंत चौसष्टांपैकी वीस कुंड्यांत पान उरलं होतं. मामंजी एकतीस नंबरपाशी उकिडवे बसून जास्वंदीचा खराटा बघत होते. “रविवार आला की थांबेल हे,” ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. कुत्री गेली असती तर माणसंही गेली असती. मला हे पटत होतं, आणि त्याचंच मला वाईट वाटत होतं.

शनिवारी संध्याकाळी यशवंतने चकलीची थाळी, पट्टा आणि लसींचा कागद एका पिशवीत भरला. बकुळ बराच वेळ पिशवीकडे बघत राहिली. मग मामंजींच्या खुर्चीपाशी गेली.

“आजोबा, समथरला तुळस आहे?”

“असेल की. शेतकऱ्याचं घर आहे.”

“मग तिथे कोण मोजणार?”

मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एरवी ती त्यांना दादाजी म्हणते. ते माझ्याकडे वळले. “सूनबाई, ही मराठीत बोलली?”

“हो, मामंजी.”

“दोन वाक्यं?”

“दोन.”

ते उठून आपल्या खोलीत गेले. दार लागलं. आतून टंकयंत्राचा आवाज आला, जो मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

रविवारी समथरची बस नऊला होती. आठ वाजता मामंजी तीन प्रती घेऊन बाहेर आले आणि त्यांनी एक यशवंतच्या हातात दिली. ‘सेवा में, श्रीमान संयोजक महोदय’ अशी सुरुवात होती. खाली सात मुद्दे होते. मैदानातली तुळस ही नियमपुस्तिकेतल्या अडथळ्यांच्या यादीत नव्हती. ती आयोजकांनी ठेवली आणि आयोजकांनी हलवली नाही. सबब खेळाडूवर अन्याय झाला असून फेरस्पर्धा घेण्यात यावी.

“म्हणजे काय, नाना?”

“म्हणजे अपील. अपील दाखल झालं की निकाल लागेपर्यंत स्थिती जैसे थे. कुत्रीला हलवता येणार नाही. पिशवी सोड.”

“आणि उत्तर कधी येईल?”

“चौतीस वर्षं मी अशा अर्जांना उत्तरं दिली आहेत,” मामंजी म्हणाले. “लवकर येत नाही.”

तेव्हापासून तीन महिने झाले. उत्तर आलेलं नाही. पण फेरस्पर्धा उद्याच जाहीर झाली तर खेळाडू तयार हवा, असं मामंजींचं म्हणणं, आणि ह्या कामी यशवंतवर त्यांचा भरवसा नाही. सकाळची पूजा आता ते घरात पाटावर बसून करतात आणि चकलीला घेऊन लक्ष्मी तालावर, तळ्याकाठी, जातात. अंगणात बघण्यासारखं काही राहिलं नाही, म्हणून माणसं आपोआप कमी झाली. जास्वंदीला कोवळी पालवी आली आहे.

राहता राहिली माझी काळजी. ऊन आता आठलाच चढतं. मामंजींना एकाहत्तरावं चालू आहे. रक्तदाबाची गोळी कधी घेतात, कधी घेतली म्हणून सांगतात. फोन मुद्दाम घरी ठेवून जातात. सरावात व्यत्यय येतो म्हणे. मी बकुळला शाळेत सोडून पोहोचेपर्यंत नऊ वाजतात.

म्हणून तुम्हाला विनंती. सकाळी तुम्ही तालाच्या बाजूला जात असाल, तर देवळाच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत एक नजर टाका. कासोटा घट्ट खोचलेले, कॅनव्हासचे बूट घातलेले गृहस्थ दिसतील. पाणी प्यायलात का एवढंच विचारा; मी विचारायला सांगितलं हे सांगू नका. आणि दोघं धावत असतील तर पुढे कोण आहे ते बघा. कुत्री पुढे असेल तर काही बोलू नका. मामंजी पुढे असतील, तर मात्र त्यांना थांबवा.