भुयारातला न मरणारा माणूस

मास्तरांनी सकाळपासून घरात तीन गोष्टींना बंदी घातली होती: मिक्सर, इस्त्री आणि मोठ्याने बोलणं. कॅसेटवरून खेळ संगणकात चढत असताना विजेचा दाब जरा हलला, की पाच मिनिटांची मेहनत पाण्यात जाई. आज तसं होऊन चालणार नव्हतं. जुन्या घरगुती संगणकांचं दालन उघडणार म्हणून संग्रहालयाच्या मॅडम दहाला येणार होत्या. दालनात चालू यंत्र एकच ठेवायचं होतं, आणि त्याच्यापुढे मालकाच्या नावाची पाटी लागणार होती.

“अहो, चहा तरी करू, की तोही बंद?” मास्तरांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी विचारलं.

“कर. पण विजेला हात लावू नकोस.”

“चहा मी कधी विजेवर केलाय?”

मास्तर म्हणजे टायपिंग क्लासचे मास्तर. त्यांच्या हातून चुकीचं अक्षर उमटल्याची कुठे नोंद नाही, निदान ते स्वतः तरी तसं सांगत. पण त्यांचा खरा अभिमान वेगळाच होता. त्या काळी ज्या चार-पाच खेळांनी या यंत्राला घराघरांत पोचवलं, त्यांतला सर्वांत अवघड म्हणजे ‘भुयार’. वीस खोल्या, तीन जीव, खाली खड्डे, वर वटवाघळं. भले भले सहाव्या खोलीत गार होत. मास्तर विसाव्या खोलीतून बाहेर आले होते. तेही एकदा नव्हे, दर रविवारी.

मॅडम आल्या. हातात वही, आणि चेहऱ्यावर अजून दोन घरं बघायची असल्याचा भाव. कॅसेट किंचाळू लागली. पहिल्या खेपेला फ्रिज सुरू झाला आणि खेळ चढता चढता बंद पडला. मास्तरांनी फ्रिजचा प्लग काढला. दुसऱ्या खेपेला शेजारच्यांनी बेल वाजवली. मास्तरांनी बेलही काढली. तिसऱ्या खेपेला टीव्हीवर भुयार उघडलं आणि मास्तर, बाई, त्यांची मुलगी आणि मॅडम अशा चौघांनी रोखलेला श्वास सोडला.

“मी खेळून बघू?” मॅडमनी विचारलं.

“बघा ना. फक्त वाईट वाटून घेऊ नका,” मास्तर उदारपणे म्हणाले.

मॅडमनी पहिली उडी थेट खड्ड्यात मारली. कोपऱ्यात आकडा होता तोच राहिला: जीव ३.

“बाबा, मॅडम आत्ता मेल्या ना?” मुलीने विचारलं.

“मेल्या.”

“मग जीव तीनच कसे?”

“नवशिक्यांना एखादी सवलत असेल.”

मॅडम आणखी सात वेळा मेल्या. सवलत संपेना. वटवाघळांवर डोकं आपटत, खड्ड्यांतून उठत, अर्ध्या तासात त्या विसाव्या खोलीतून बाहेर पडल्या आणि म्हणाल्या, “अवघड म्हणत होतात ना?”

मास्तरांचा चेहरा उतरला. आपण पडलो तरी आकडा हलत नाही, हे त्यांनाही इतकी वर्षं दिसत होतं. पण खेळणारा कोण आहे हे यंत्राला कळतं आणि ते आपला मान राखतं, असा त्यांचा समज होता.

“हा खेळ विकत घेतलेला?” मॅडमनी विचारलं.

“छे! मासिकात छापून आला होता. प्रोग्रॅमच्या चारशे वीस ओळी. हिने वाचून दाखवल्या, मी टाइप करून कॅसेटवर साठवल्या.”

बाईंची नोकरी छापखान्यात, प्रुफं तपासण्याची. त्यांनी माळ्यावरून ते मासिक काढलं, मास्तरांना प्रोग्रॅम पडद्यावर आणायला लावला, ओळीला ओळ ताडत बोट फिरवलं आणि थांबल्या. मेल्यावर एक जीव वजा करणारी ओळ मासिकात होती, यंत्रात नव्हती.

“तू ती वाचलीच नाहीस!”

“मी? माझ्या नजरेतून कधी स्वल्पविराम सुटला नाही. तुमचंच बोट घसरलं असेल.”

“अख्ख्या ओळीवरून? बोट आहे की घसरगुंडी?”

“पान उलटताना तुम्हीच ‘पुढे, पुढे’ करत होतात.”

“पोरगी रडत होती, तू मध्येच उठून गेलीस—”

“आता माझ्यावर आलं का?” मुलगी म्हणाली.

मॅडमनी वही मिटली. मास्तरांनी मान खाली घातली. विक्रम गेला, बिनचूक हात गेला, आता पाटीही गेली.

“मास्तर, ‘भुयार’ आम्हाला सहा जणांनी दिलंय,” मॅडम म्हणाल्या. “त्या सहाही कॅसेटींत खेळातला माणूस सहाव्या खोलीच्या आत मरतो. लोकांना शेवटच्या खोल्या दाखवायच्या कशा, हीच आम्हाला काळजी होती. न मरणारा हा एकटाच. यंत्र तुमचंच घेऊ आणि कॅसेटही हीच. कृपा करून दुरुस्त करू नका! फक्त पाटीसाठी सांगा, ती ओळ गाळली कोणी?”

“मी,” मास्तर म्हणाले.

“मी,” बाई त्याच क्षणी म्हणाल्या.

“अगं, बोटं माझी होती!”

“आणि आवाज कोणाचा होता? मी जे वाचलंच नाही, ते तुम्ही गाळणार कसं?”

“इतकी सफाईदार चूक कच्च्या हाताला जमते का?”

“तेच म्हणतेय मी. मुरलेल्या नजरेचं काम आहे हे.”

शेवटी पाटीचा मजकूर मास्तरांनी टाइपरायटरवर स्वतः उतरवला: ‘चूक: मास्तर आणि त्यांच्या पत्नी, संयुक्तपणे.’ बाईंनी तो तपासला आणि एकच खूण केली. पत्नीचा उल्लेख आधी हवा होता.

त्या दिवसातली ही दुसरी चूक मास्तरांनी छाती फुगवून मान्य केली.