लाइट जाऊ दे, मग बोलू

सुमन वारली तो मंगळवार होता. ती माझी बायको. तेराव्यानंतर मुलगी पुण्याला परत गेली. मी पडवीत बसलो, मांडीवर पुस्तक उघडलं आणि पान उलटलं नाही.

असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी शेजारचे अण्णा कुंपणातल्या फटीतून आत आले. अण्णा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. आता सुपारीची वाडी बघतात. माझी सगळी नोकरी श्रीवर्धनच्या वाचनालयात झाली, पण ते मला मास्तर म्हणतात. चष्मा आणि पुस्तक एकत्र दिसलं की त्यांच्या लेखी मास्तर.

"मास्तर, चपला घाला," ते म्हणाले. "इन्व्हर्टर बघायला जायचंय."

अण्णांच्या छपरावर सोलरच्या प्लेटा बसल्या होत्या, पण खाली इन्व्हर्टर-बॅटरीचा पत्ता नव्हता. येणारेजाणारे विचारत, "काय अण्णा, सुपारीसारख्या प्लेटाही वाळत घातल्यात काय?" अण्णा शांतपणे सांगत, "आपल्याला घाई न्हाय. वर ऊन खायला कुणीही बसेल. रात्री घर सांभाळणारा पारखून घ्यायला हवा."

लोक इन्व्हर्टर दुकानात जाऊन बघतात. अण्णांना ते मान्य नव्हतं. दुकानात सगळेच शहाणे असतात, असं त्यांचं मत. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे त्याच्याकडे जायचं आणि लाइट जाईपर्यंत बसायचं, ही त्यांची रीत. माहितीपत्रकं इंग्रजीत असतात म्हणून मी बरोबर हवा.

पहिली फेरी दिवेआगरला, त्यांच्या जुन्या कंडक्टरकडे. चहा झाला, पोहे झाले. यजमानाने विचारलं, मग कसा काय वाटतोय आमचा इन्व्हर्टर? अण्णा म्हणाले, "लाइट जाऊ दे, मग बोलू." दिवेआगरात रोज न चुकता जाणारी लाइट त्या दिवशी पाहुण्यांचा मान राखून बसून राहिली. दुपारी आम्ही जेवलो. मग पुन्हा चहा. शेवटी यजमानच खजील झाला. घरच्या लाइटने आपली अब्रू घालवली असं त्याला वाटत असावं. आम्ही एसटी थांब्यावर पोचलो आणि गावातले पंखे थांबले. अण्णा आल्या पावली पळत मागे गेले. नुकता कुठे आडवा झालेला कंडक्टर त्यांना दारात बघून पुन्हा उठून बसला.

बोर्लीच्या घरात गृहिणी हुशार होती. तासाभरात तिने गुपचूप मेन स्विच खाली ओढला. दिवे लुकलुकून पुन्हा लागले. अण्णांनी खिडकीतून शेजारच्या घरात नजर टाकली. तिथला टीव्ही चालू होता.

"ताई," ते म्हणाले, "ही गेली न्हाय. ही घालवली."

आणि पुन्हा मांडी घालून बसले.

पसंत काही पडेना. एका घरी लाइट गेल्यावर पंखा घूंऽ करू लागला. मी माहितीपत्रक वाचून साइन वेव्ह, स्क्वेअर वेव्हचा फरक सांगितला. अण्णा म्हणाले, "पंखा कण्हतोय. आजारी माणूस घरात नको." हायब्रिड इन्व्हर्टरचं नाव काढताच मान हलली. हायब्रिड नारळ लवकर धरतो नि लवकर मरतो. एका बॅटरीत अधूनमधून पाणी घालावं लागतं म्हटल्यावर त्यांना आपली पूर्वीची गाय आठवली. तिच्यापायी कुठल्या लग्नाला जाता आलं नव्हतं. बरं, लिथियमला पाणी लागत नाही म्हणावं, तर, "पाणीसुद्धा पीत न्हाय? मग त्याचा भरवसा काय धरायचा?"

एका घरी मी भात पुन्हा मागून घेतला. सुमन वारल्यापासून पहिल्यांदा. वर पाहिलं तर लाइट गेली होती, पंखा फिरत होता, आणि अण्णा पंख्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या ताटाकडे बघत होते.

आमच्या आळीत लाइट गेली की माझ्याकडे कंदील, त्यांच्याकडे कंदील. कुंपणापलीकडून आवाज येई, "बघा मास्तर, घेतला असता तर आज उजेड असता."

मे महिन्यात अण्णा लग्नाला म्हसळ्याला गेले होते. संध्याकाळी लाइट गेली आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून मिक्सरचा आवाज आला. लाइटवाचून मिक्सर कसा चालतो ते बघायला मी फटीतून पलीकडे गेलो. वहिनी खोबरं वाटत होत्या. डोक्यावर पंखा, शेजारी दिवा. मला पाहताच त्यांनी आधी मिक्सर बंद केला, मग पंखा, मग दिवा, आणि काळोखात उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी पाहिलं," मी म्हणालो.

थोड्या वेळाने दिवा लागला. तांदळाच्या पिंपामागे, जुन्या लुगड्याखाली इन्व्हर्टर होता. बॅटरीला हळदकुंकू लावलेलं होतं.

"प्लेटांबरोबरच बसला," वहिनी म्हणाल्या. "टेम्पो दारात उभा होता, तुम्ही पडवीत होतात. तुम्हाला दिसला न्हाय. हे म्हणाले, मास्तर घर सोडत न्हाय, जेवत न्हाय, मी त्यांना इंग्रजी वाचायला घेऊन फिरतो. तोवर हा बंद ठेवायचा." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "घरात इन्व्हर्टर, नि मी कंदिलात भाकऱ्या थापते. मास्तर, एक तरी पसंत करा हो. उकडून जीव चाललाय."

पुढच्या फेरीत लाइट गेली तसा मी म्हणालो, "अण्णा, हाच घ्या. पंखा कण्हत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बघा हां. घाई न्हाय. अजून मुरूड राहिलंय, रेवदंडा राहिलाय."

"हाच घ्या."

"घरी जेवाल ना?" अण्णांनी विचारलं. मग खाकरून यजमानाला म्हणाले, "वॉरंटी किती हो याची?"

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही, वायरमनही आला नाही. संध्याकाळी लाइट गेली आणि अण्णांकडचा दिवा चालू राहिला.

सुमनची खुर्ची पडवीत आहे. माझ्याकडे अजून कंदीलच आहे. लाइट गेली की मी कुंपणातल्या फटीतून अण्णांकडे जातो आणि लाइट येईपर्यंत बसतो.