पाठ कोण बघतो?

केरळला जायच्या आठ दिवस आधीपासून बोरिवलीच्या परबांच्या घरात एकच वाद पेटला होता. विमानात घालायचं काय?

मानसीने मोबाईलवर चौदा व्हिडिओ बघून ठेवले होते. त्यातल्या पोरी एवढ्या ढगळ कपड्यांत विमानात चढत होत्या की जानकीला वाटलं, बिचाऱ्यांना रात्री झोपेतून उठवून आणलंय.

"आई, याला एअरपोर्ट लूक म्हणतात."

"आमच्याकडे याला गाऊन म्हणतात," जानकी म्हणाली. "मी मोरपिशी साडी नेसणार. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतेय. उशीचा अभ्रा घालून नाही बसणार."

हर्षद पवईत नोकरीला होता आणि कामासाठी तीनदा बंगलोरला जाऊन आला होता, म्हणून तो घरातला विमानतज्ज्ञ. त्याने सांगितलं, "काहीपण घाला. फक्त पिना कमी लाव आई, चेकिंगला मशीन ओरडतं."

"किती कमी?"

"किती लावतेस?"

"अकरा."

हर्षदने विषय सोडला.

आणि मग दशरथ परबांनी, म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाने, निर्णय दिला. दशरथराव तीस वर्षं सोसायटीच्या गणपती मंडळाचे कार्यकर्ते होते. नोकरी पण करायचे, पण ती जोडधंदा म्हणून. ते म्हणाले, "चौघांनी एकसारखे टी-शर्ट घालायचे. नारिंगी. गर्दीत माणूस हरवत नाही. हा माझा अनुभव आहे."

"तुमचा अनुभव मला नका सांगू," जानकी म्हणाली.

ती उगाच नव्हती बोलत. लग्नानंतर दोघं महाबळेश्वरला निघाली होती, ती मंडळाचा मांडव वाऱ्याने पडला म्हणून दादरवरून परत आली. धाकट्या भावाच्या लग्नात नवऱ्याबरोबर एक फोटो काढावा म्हणून ती दीड तास स्टेजवर उभी होती आणि हे खाली पंगतीत मठ्ठा वाढत होते. गेल्या वर्षी गणपतीपुळ्याला गेले, तर देवळातली रांग बघून यांचे हात शिवशिवले. संध्याकाळपर्यंत रांग सरळ झाली, पण जानकीने समुद्र एकटीने बघितला. म्हणून लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाला हर्षदने केरळची तिकिटं काढली, तेव्हा तिने देवासमोर नवऱ्याकडून वदवून घेतलं होतं.

"पाच दिवस मी कुणाचा कार्यकर्ता नाही."

"कुणाचे नवरे आहात?"

"तुझा."

"मोठ्याने."

"तुझा! शेजारी ऐकतायत गं."

टी-शर्ट मात्र दशरथरावांनी छापायला टाकलेच. स्टेशनजवळच्या धवलभाईच्या दुकानात, जिथे मंडळाचं सगळं छापून होतं. फोनवर म्हणाले, "पुढे लिही, परब परिवार, चलो केरळ. बाकी नेहमीसारखं." धवलभाई शब्दाचा पक्का माणूस. निघायच्या दिवशी सकाळी पाकीट फोडलं, तर पुढे 'परब परिवार, चलो केरळ' झकास आलं होतं. आणि पाठीवर, वीतभर अक्षरांत, नेहमीसारखं होतं: 'कार्यकर्ता. मदतीसाठी विचारा.'

मानसी खालीच बसली. "बाबा, वाट लागली! मी नाही घालणार हे."

"पाठ कोण बघतो?" दशरथराव म्हणाले. "विमानात पाठ सीटला टेकलेली असते. वाचणार कोण? घाला, घाला, टॅक्सी आलीय."

जानकीने मोरपिशी साडीवरच टी-शर्ट चढवला आणि आरशात बघितलं. वॉर्डातल्या साफसफाईच्या मोहिमेला निघाल्यासारखं दिसत होतं. पण पहिल्या विमानाच्या दिवशी भांडण नको म्हणून तिने आरशाकडे पाठ फिरवली. अकरा पिना आतून टोचत होत्या, त्यांच्याकडेही तिने दुर्लक्ष केलं.

विमानतळाच्या दारातच जवानाने चौघांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हिंदीत सांगितलं, "स्टाफ का गेट उधर है." तिकिटं दाखवावी लागली. आत गेल्यावर सामान देईपर्यंत दोघांनी पाणी कुठे मिळेल ते विचारलं, एकाने ट्रॉलीचं चाक अडकतंय म्हणून तक्रार केली, आणि एका बाईने आपलं मूल मानसीच्या हातात दिलं आणि ती टॉयलेटला निघून गेली.

"बाबा, यार!" मानसी ओरडली. मूलही ओरडलं.

दशरथराव मात्र ट्रॉलीचं चाक सोडवत होते. मुलाची आई परत आल्यावर जानकीने नवऱ्याला दंडाला धरून चेकिंगच्या रांगेत आणलं. तिथे त्यांच्या मागे बावीस म्हातारी माणसं येऊन उभी राहिली.

मुलुंडच्या एका ज्येष्ठ नागरिक क्लबची ही मंडळी जयपूरला निघाली होती. त्यांचा टूरवाला नंदकिशोर कुणाच्या तरी बॅगेत निघालेली कैचीची भानगड निस्तरायला मागे राहिला होता. जाताना तो सांगून गेला होता, "घाबरू नका. आत आमची नारिंगी टी-शर्टवाली माणसं असतात. ती सांगतील तसं करा." मंडळींनी पुढे बघितलं. समोर नारिंगी टी-शर्ट. पाठीवर स्पष्ट लिहिलेलं, मदतीसाठी विचारा.

त्यांनी विचारलं.

"अहो कार्यकर्ते, पट्टा काढायचा का?" पहिला प्रश्न अंबादासरावांचा. सडपातळ, पँटला पट्टा नसेल तर भरवसा नाही असे गृहस्थ.

दशरथरावांनी जानकीकडे बघितलं. जानकीने डोळे मोठे केले. पण मागून बावीस जोड्या डोळे बघत होते, आणि त्या बाजूचं पारडं जड होतं.

"पट्टा काढा, घड्याळ काढा, चिल्लर काढा," दशरथराव मागे वळून म्हणाले. आवाज आपोआप विसर्जनाच्या दिवसाचा लागला. "कवळी राहू द्या काका! कवळी नाही काढायची! मावशी, काठी इकडे. पाच-पाच जण या. गडबड नको!"

जानकीसाठी मशीन ओरडलं. पडद्याआड एक पोलीस बाई एकेक पिन मोजत बसली. अकराव्या पिनेनंतर जानकी बाहेर येऊन बघते तो नवरा गायब, आणि बावीस म्हातारेही गायब.

हर्षद आणि मानसी गेटवर भेटले. कोचीची रांग लागली होती.

"बाबा कुठेत?"

"मला विचारतोस?"

"आई, बोर्डिंग सुरू झालं. दार बंद झालं ना की गेलं विमान."

"तू इथेच थांब. विमान सुटू देऊ नकोस. रुमाल टाक सीटवर."

"आई, एसटी आहे का ही?"

पण जानकी निघाली होती. साडीच्या निऱ्या एका हातात, पर्स दुसऱ्या हातात. परफ्यूमची दुकानं, चॉकलेटची दुकानं, मसाजच्या खुर्च्या सगळं मागे टाकत ती जयपूरच्या गेटपर्यंत पोचली. तिथे तिचा नवरा खुर्चीवर उभा होता. बोर्डिंग पासची सुरळी करून तिच्यातून बोलत होता.

"एक ते अकरा टॉयलेटला! बारा ते बावीस सामान सांभाळा! मग अदलाबदल!"

गणपतीपुळ्यानंतर इतका सुखी दिसलाच नव्हता तो.

रागावली की जानकी थेट मालवणीत उतरायची. "आता हयसर पण मांडव घालतल्यात काय? विमान सुटता थंय! चला म्हणतंय ना!"

"अगं, यांचा माणूस आला नाही अजून. यांचं गेट पण बदललंय, सत्तावीसचं एकोणतीस झालंय. अशा म्हाताऱ्या माणसांना सोडून कसा येऊ?"

"आणि मी? मी तरणी आहे म्हणून मला सोडलात?"

दशरथराव खुर्चीवरच अवघडले. तेवढ्यात लाऊडस्पीकरवर घोषणा झाली. कोचीला जाणारे प्रवासी दशरथ परब आणि जानकी परब यांनी ताबडतोब गेटवर यावं.

जानकी क्षणभर राग विसरली. "माझं नाव घेतलं," ती म्हणाली. "अख्ख्या विमानतळाला ऐकू गेलं."

"शेवटचा कॉल असतो तो," अंबादासरावांनी माहिती पुरवली.

जानकीने समोरच्या बावीस जणांवर नजर फिरवली. तीस वर्षं कार्यकर्त्याच्या घरात काढल्यावर बाईला एक गोष्ट येते. कामाचं माणूस कोण आणि नुसतं हातवारे करणारं कोण, ते ती लांबून ओळखते. खिडकीजवळ एक भक्कम बाई मघापासून दशरथरावांकडे नापसंतीने बघत होती. जानकी सरळ तिच्यासमोर गेली.

"बाई, तुमचं नाव?"

"द्रौपदी कांबळे. मुख्याध्यापिका होते. निवृत्त." बाईंनी मानेनेच दशरथरावांकडे खूण केली. "यांची रांग वाकडी आहे. आणि एक ते अकरात सात बायका, चार पुरुष. त्या टॉयलेटला लाईन लागणार हे पहिलीतल्या पोराला कळेल."

"मग तुम्हीच घ्या ना बाई हे सगळं."

"घेते की. पण नुसतं सांगून हे लोक ऐकतात होय? आमचे हे तर चाळीस वर्षं ऐकत नाहीत." अंबादासरावांनी मान डोलावली. "पाठीवर काहीतरी अधिकार पाहिजे. तो टी-शर्ट द्या."

जानकीने एका झटक्यात आपला टी-शर्ट काढला. आतली मोरपिशी साडी त्या पांढऱ्याफटक विमानतळावर अशी झळकली की कॉफी पिणारा एक माणूस कॉफी प्यायचा थांबला. पण टी-शर्ट मीडियम आणि द्रौपदीबाई काही मीडियम नव्हत्या. जानकी नवऱ्याकडे वळली.

"काढा."

"अगं, काय बोलतेस? आत बनियन आहे!"

"माहितीये. मीच धुते."

"लोक बघतायत!"

"तीस वर्षं लोकच बघतायत. काढा."

दशरथरावांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि हात वर केले. टी-शर्ट द्रौपदीबाईंच्या पंजाबी ड्रेसवर गेला आणि शिवून घेतल्यासारखा बसला. जानकीचा अंबादासरावांना झाला. "तुम्ही उपप्रमुख," तिने सांगितलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी पद दिल्यासारखे ते ताठ झाले.

"एक हात अंतर!" द्रौपदीबाईंनी आवाज टाकला. बावीस म्हातारे दहा सेकंदांत सरळ उभे. शेजारच्या लखनौच्या रांगेतले दोघे चुकून त्यात येऊन उभे राहिले आणि निघायची त्यांची हिंमत होईना.

तेवढ्यात घामाघूम झालेला नंदकिशोर धावत आला. त्याच्याही अंगात नारिंगी टी-शर्ट. "सॉरी, सॉरी, मी आलोय. सगळ्यांनी माझ्याकडे बघा!"

"उशिरा आलात," द्रौपदीबाई म्हणाल्या. "मागे उभे राहा."

"अहो मॅडम, मी टूर मॅनेजर..."

"मागे!"

नंदकिशोर मागे गेला. अंबादासरावांनी त्याला एक हात अंतर मोजून दिलं.

मग जानकीने नवऱ्याचं मनगट पकडलं आणि मसाजच्या खुर्च्या, चॉकलेटं, परफ्यूम सगळं उलट्या क्रमाने मागे टाकलं. गेटवर हर्षद दार अडवून गेल्या दहा मिनिटांपासून बुटाची नाडी बांधत होता. एक नाडी बांधायची, दुसरी सोडायची. मानसीने बापाचा अवतार बघितला आणि टी-शर्ट डोळ्यांपर्यंत ओढून घेतला.

गेटवरच्या मुलीच्या छातीवर गंधाली अशी पट्टी होती. ती दशरथरावांच्या बनियनकडे बघत राहिली.

"सर... असेच जाणार?"

दशरथराव तोंड उघडणार, तेवढ्यात जानकी पुढे झाली. "बनियन घालू नये असा नियम आहे का तुमच्यात?"

गंधालीने आठवून बघितलं. धारदार वस्तूंचा नियम होता, लायटरचा होता, नारळाचासुद्धा होता. बनियनचा नव्हता.

"नाही मॅडम, पण..."

"मग फाडा पास. उशीर होतोय विमानाला."

विमानात शिरताना जानकी पुढे चालली होती. पदर खांद्यावरून सोडलेला, मान ताठ, लोक आपोआप पाय आत घेत होते. ती खिडकीशी बसली. शेजारी दशरथराव अंग चोरून बसले. वरून एसीचा गार झोत थेट त्यांच्या खांद्यावर येत होता.

पुढच्या रांगेत एका माणसाची बॅग वरच्या कप्प्यात जाईना. दशरथराव अर्धे उठले. त्या माणसाने वळून बघितलं, बनियन बघितली, आणि मदतीसाठी दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली. दशरथराव हळूच खाली बसले. पलीकडच्या बाईला टाय घातलेल्या एका गृहस्थाने पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. चुकीचं दाखवलं. दशरथरावांचे हात शिवशिवले, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा आजूबाजूला पावणेदोनशे माणसं होती आणि एकालाही त्यांच्याकडून काही नको होतं.

"जानकी," ते हळू आवाजात म्हणाले.

"काय?"

"काही नाही. बाहेर काय दिसतंय?"

"या इकडे, दाखवते."

ते तिच्या खांद्यावरून खिडकीत वाकले. विमान हललं. तेवढ्यात एअर होस्टेस पट्टे तपासत आली. मोरपिशी साडीतल्या रुबाबदार बाईकडे तिने बघितलं, मग तिच्या अंगावर रेललेल्या, बनियनमधल्या, कुडकुडणाऱ्या इसमाकडे बघितलं, आणि अदबीने खाली वाकून विचारलं, "मॅडम, हे तुमच्यासोबत आहेत का?"

जानकीने नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

"हो," ती म्हणाली. "आज आहेत."