परसातली तिसरी

दत्तोबांनी राजेश्वरीशी तिसरं लग्न करायचं ठरवलं आणि अंथुर्णे गावाला तोंड फुटलं. पहिली बायको काविळीनं गेली, दुसरी साप चावून. दोन्हींत दत्तोबांचा काही हात नव्हता, पण गाव त्यांच्या हातांकडंच बघायचं.

"तिसरी टिकत न्हाय म्हंत्यात," शेजारच्या गोजरआत्या म्हणाल्या. "आदी रुईशी लगीन लाव. ती तिसरी. तोडली की राजेश्वरी चौथी. मग तिला भ्या न्हाय."

(दत्तोबा बारावी सायन्स होते. पण आत्यांपुढं सायन्स कुणाचं चालतं?)

परसात रुई आयतीच होती. आत्या तिची पानं तापवून गुडघ्याला बांधत, काटा रुतला की चीक लावत, शनिवारी मारुतीला माळ घालत. दत्तोबांनी तिला हळद लावली, हार घातला आणि लागलीच कुऱ्हाड घालून तिसऱ्यांदा विधुर झाले.

आठवड्यात बुंध्याला कोंब फुटले.

कोऱ्हाळ्याहून राजेश्वरीचा फोन आला. चाळिशीची बाई, भावांच्या संसारात राबून स्वतःच्या घराला आसुसलेली. पण जीव कुणाला नको असतो?

"गेली का ती?"

"जराशी हाय."

"जराशी? ती जिती आसंल तर मरायचा नंबर कुनाचा? ती गेल्याबिगर मी उंबरा वलांडायची न्हाय!"

दत्तोबांनी पुन्हा तोडली, ती पुन्हा फुटली. मीठ घातलं, उकळतं पाणी ओतलं. तिला जांभळी फुलं आली. शेवटी चीक डोळ्यात उडाला आणि डोळा टम्म सुजला.

"कशानं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बायकोला तोडताना," दत्तोबा बोलून गेले. नर्स दारापर्यंत मागं सरकली.

आता मात्र दत्तोबा खचले. रोज भाकरी करपायची, आणि खिडकीतून तिसरी डुलताना दिसायची. आपल्या घरात आता माणसाचा आवाज होणं नाही, असं वाटून त्यांना भरल्या ताटावर रडू यायचं.

एका डोळ्याला पट्टी बांधून ते मुळं खणत होते, आत्या शेजारी बसून चुका काढत होत्या, तेवढ्यात राजेश्वरी स्वतःच येऊन उभी राहिली.

"काय काय करून बघितलं?"

"कुऱ्हाड, मीठ, उकळतं पानी. आता खनतुय."

राजेश्वरीनं टवटवीत रुईकडं पाहिलं, मग खड्ड्यातल्या दत्तोबांकडं. तिच्या तोंडावरची भीती पार उतरली.

"आत्या, मुहूर्त बघा," ती म्हणाली. "मी उगंच भ्याले. ह्यांच्या हातनं ठरवूनसुदिक बायकू मरत न्हाय."